सरपणाची वीज : खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?



मुंबई-गोवा महामार्गावरील वडखळचा नाका सर्वांच्या परिचयाचा आहे. येथून अलिबागकडे जाणारा रस्ता फुटतो. पश्चिमेला धरमतरची खाडी, खाजणे आणि खारेपाटातील भातशेती. शेजारी डोलवीचा पोलाद कारखाना. आणि पूर्वेला पेण तालुक्यातील डोंगर व त्यांच्या उतारांवर वसलेल्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. एकाच तालुक्यात विजेचा प्रचंड वापर करणारा उद्योग आणि डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन उतरणारी स्त्री अशी दोन चित्रे येथे जवळजवळ दिसतात. वनातील लाकूडफाट्यापासून गावासाठी वीज निर्माण करणे परवडेल काय, या प्रश्नाचा विचार करण्यास म्हणूनच वडखळसारखे ठिकाण योग्य ठरते.

रायगड जिल्ह्याला वीज नवी नाही. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये. सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेल्या पाण्यापासून निघालेली ही वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. तारा डोंगरांवरून आणि शेतांवरून गेल्या. त्यांच्या खालच्या कित्येक गावांत पुढे अनेक वर्षे रॉकेलची चिमणीच तेवत राहिली. जंगलाच्या बाबतीतही असेच घडले. कातकऱ्यांनी भट्ट्या लावून पाडलेला कोळसा शहरांत गेला. कोळसा पाडणाऱ्याच्या वाट्याला ठेकेदाराची उचल आणि तिची फेड आली. साधन गावाचे, श्रम गावाचे आणि लाभ मात्र दुसरीकडे, असा हा जुना हिशेब आहे. लाकडापासून वीज करण्याची योजना आखताना तोच हिशेब नव्या यंत्रावर पुन्हा मांडला जाऊ नये, ही पहिली दक्षता होय.

लाकडातून वीज कशी होते?

लहान प्रमाणावर लाकडापासून वीज करण्याचे साधन म्हणजे गॅसिफायर, अर्थात वायुजनक संच. त्याचे तत्त्व जुने आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा आपल्या देशात कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यांवर धावत होत्या. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात त्यांचा उल्लेख असे. बंद भट्टीत लाकडाला पुरेशी हवा मिळू दिली नाही, तर ते पूर्ण जळत नाही; त्यापासून ज्वलनशील वायू तयार होतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचा भाग सुमारे पस्तीस-चाळीस टक्के असतो आणि निम्मा भाग हवेतील नायट्रोजनचा असतो. हा वायू थंड व स्वच्छ करून इंजिनात सोडला की इंजिन चालते आणि त्याला जोडलेले जनित्र वीज देते.

या यंत्राच्या तीन अटी आहेत. पहिली, लाकूड सुके हवे. त्यातील ओल वीस टक्क्यांच्या आत असावी लागते. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असते. दुसरी, लाकडाचे ठराविक मापाचे तुकडे करावे लागतात. तिसरी, वायूतील डांबर व राख रोज काढावी लागते. नाहीतर इंजिन बसते. वायू धुतलेले पाणी दूषित असते, ते विहिरीत किंवा ओढ्यात जाता कामा नये. वायूतील कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो, म्हणून यंत्रघर चारी बाजूंनी हवेशीर असावे लागते. ही कामे अवघड नाहीत. मात्र ती रोज करावी लागतात, आणि रोजच्या कामाला रोजची मजुरी लागते. अर्थकारणाची सुरुवात येथून होते.

मोळीची खरी किंमत

‘इंधन फुकट आहे’ हे वाक्य अशा योजनांच्या चर्चेत हमखास ऐकू येते. जंगलात पडलेल्या फाट्याला कोणी पैसे मोजत नाही, म्हणून ते फुकट, असा हा युक्तिवाद असतो. परंतु फाटा आपणहून यंत्रघरात येत नाही. तो कोणीतरी गोळा करते, बांधते, डोक्यावरून आणते, फोडते आणि वाळवते. हे काम बहुतांशी स्त्रिया करतात आणि घरच्या चुलीसाठी केलेल्या या कामाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

उदाहरणादाखल असे धरू या की, एक स्त्री अर्धा दिवस खर्चून एक मोळी आणते आणि ती वाळल्यावर वीस किलो भरते. दिवसाची मजुरी तीनशे रुपये धरली, तर या मोळीतील श्रमांचे मोल दीडशे रुपये होते; म्हणजे किलोला साडेसात रुपये. लहान गॅसिफायरला एका युनिट विजेसाठी साधारणपणे सव्वा ते दीड किलो सुके लाकूड लागते. दीड किलो धरले, तर एका युनिटमागे केवळ सरपणाचे सव्वाअकरा रुपये होतात. इंधन फुकट धरल्यास हा आकडा शून्य दिसतो. वस्तुतः तेवढ्या रकमेचे अनुदान वाडीतील सर्वांत गरीब बायका संपूर्ण योजनेला देत असतात.

हेच लाकूड वाडीजवळच्या लागवडीतून आले, त्याची तोड जवळ आणि वाहतूक बैलगाडीने झाली, तर चित्र बदलते. एका माणसाने दिवसभरात शंभर किलो लाकूड तोडून, फोडून आणून टाकले असे धरल्यास किलोला तीन रुपये पडतात आणि युनिटमागे साडेचार रुपये. मजुरीचा दर तोच आहे. अंतर कमी झाले, एवढाच फरक. तेव्हा लागवड कोठे करावी, हा वृक्षारोपणाच्या उद्दिष्टाइतकाच विजेच्या दराचाही प्रश्न असतो.

यंत्राचे तास

आता साठ घरांच्या एका वाडीसाठी वीस किलोवॅटचा संच बसविला आहे, अशी कल्पना करू या. इमारतीसह त्याचा खर्च दहा लाख रुपये आणि आयुष्य दहा वर्षे धरले, तर वर्षाला एक लाख रुपये घसाऱ्यापोटी बाजूला काढावे लागतील. वर्षातून तीनशे दिवस संच चालेल असे समजू. हे सर्व आकडे हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

पहिल्या प्रकारात संच केवळ दिव्यांसाठी रोज पाच तास चालतो आणि सरासरी दहा किलोवॅट भार असतो. रोज पन्नास, वर्षाला पंधरा हजार युनिटे होतात. दोन माणसांची रोजची मजुरी सहाशे रुपये, म्हणजे युनिटला बारा रुपये. लाकडाचे साडेचार रुपये. तेल, गाळण्या व दुरुस्तीचे वर्षाला पंचेचाळीस हजार, म्हणजे तीन रुपये. घसाऱ्याचे सहा रुपये सदुसष्ट पैसे. एकूण सव्वीस रुपयांहून थोडे अधिक.

दुसऱ्या प्रकारात दिवसा पिठाची गिरणी, भाताची गिरणी, पाण्याचा पंप आणि सुतारकामाची यंत्रे चालतात व सायंकाळी दिवे लागतात. संच रोज दहा तास सोळा किलोवॅट भारावर चालतो. रोज एकशेसाठ, वर्षाला अठ्ठेचाळीस हजार युनिटे होतात. मजुरी वाढवून रोज आठशे रुपये दिली तरी युनिटला पाचच रुपये येतात. दुरुस्तीचा खर्च दुपटीहून अधिक, वर्षाला शहाण्णव हजार धरला तरी दोन रुपये. घसाऱ्याचे दोन रुपये आठ पैसे. लाकडाचे साडेचार. एकूण साडेतेरा रुपयांच्या आसपास.

यंत्र तेच, लाकडाचा भाव तोच, आणि तरीही युनिटची किंमत निम्म्यावर आली. लाकडाच्या विजेचे भवितव्य यंत्राला दिवसभर काम आहे की नाही यावर अवलंबून असते. दिवसा बंद आणि रात्री चार दिव्यांसाठी चालू असा संच कितीही अनुदान दिले तरी तगणे कठीण असते. कारण अनुदानातून यंत्र येते, रोजची मजुरी येत नाही.

या हिशेबाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. हीच अठ्ठेचाळीस हजार युनिटे डिझेलच्या जनित्रावर करावयाची झाली आणि युनिटला पाऊण पाव लिटरहून थोडे अधिक नव्हे, तर सुमारे एक-तृतीयांश लिटर डिझेल लागते हे लक्षात घेऊन लिटरचा दर नव्वद रुपये धरला, तर केवळ इंधनापोटी वर्षाला चौदा लाख चाळीस हजार रुपये गावाबाहेर जातील. लाकडाच्या संचाचा एकूण वार्षिक खर्च सहा लाख बावन्न हजार येतो आणि त्यांपैकी मजुरी व लाकूड यांचे मिळून चार लाख छप्पन्न हजार वाडीतच राहतात. शंभरांतले सत्तर रुपये गावात फिरतात, हा या विजेचा सर्वांत मोठा गुण. मात्र लाकूड ‘फुकट’ घेतले, तर हाच गुण नाहीसा होतो.

जंगलाची वही

युनिटचा दर उतरविण्यासाठी यंत्र अधिक तास चालवावे, हे ठरले. परंतु यंत्र अधिक चालले की लाकूडही अधिक लागते. पहिल्या प्रकारात वर्षाला साडेबावीस टन, दुसऱ्या प्रकारात बहात्तर टन. पैशाच्या वहीत जी जमा दिसते, ती जंगलाच्या वहीत नावे पडते. म्हणून दोन्ही वह्या शेजारी ठेवूनच निर्णय घ्यावयास हवा.

कोकणातील जंगलावर मागण्या आधीच पुष्कळ आहेत. भाताच्या रोपांसाठी राब भाजावयाचा, तर ऐन-किंजळीची टहाळे हवीत. चुलीला सरपण, कुंपणाला काट्या, घराला वासे, गुरांना चारा. यांपैकी एकही मागणी यंत्र आले म्हणून थांबत नाही. खाडीकाठच्या कांदळवनाकडे तर इंधन म्हणून पाहताच येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या निर्णयाने ते संरक्षण कायम केले. खारेपाटाच्या बांधांना भरतीच्या माऱ्यापासून जे वाचविते, ते जाळून वीज करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरेल.

मग लाकूड आणावे कोठून? याचे पहिले उत्तर जंगलात नसून स्वयंपाकघरात आहे. साठ घरांत प्रत्येकी रोज पाच किलो सरपण जळते असे धरले, तर वर्षाला सुमारे एकशेदहा टन होते. तीन दगडांच्या चुलीत सरपणातील उष्णतेचा साधारण दहावा भागच भांड्यापर्यंत पोचतो. नीट बांधलेली व नीट वापरलेली सुधारलेली चूल यात पुष्कळ वाढ करते. तिने सरपणाची केवळ एक-तृतीयांश बचत केली, तरी वर्षाला छत्तीस टन लाकूड वाचते. पहिल्या प्रकारच्या संचाला लागणाऱ्या इंधनापेक्षा हे अधिक, आणि दुसऱ्या प्रकारच्या निम्मे आहे. नवी एक फांदीही न तोडता! केंद्र सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून ‘निर्धूर चूल’ हा शब्द गावोगाव पोचला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडीही पोचली. परंतु भरलेली टाकी परवडत नाही तेथे चूल अजून पेटते. तेव्हा वीजयोजनेच्या पहिल्या वर्षी चुलींवर केलेला खर्च हा यंत्रावरील खर्चाइतकाच भांडवली समजावा.

दुसरे उत्तर लागवडीचे. पडीक जमिनीवर लावलेली जळाऊ झाडे हेक्टरी वर्षाला चार टन सुके लाकूड देतील असे धरले, तर उरलेल्या छत्तीस टनांसाठी नऊ हेक्टर लागतील. १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र संचालनालय स्थापन झाले, तेव्हापासून सुबाभूळ, गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची पुष्कळ लागवड झाली. बांधावरचे गिरिपुष्प छाटणीनंतर पुन्हा फुटते. त्याचा पाला शेताला खत होतो आणि काठी सरपणाला येते. पाल्याचे खत शेतात पडू लागले, तर राबासाठी टहाळ तोडण्याची निकडही काही अंशी कमी होईल. परंतु पहिली तोड मिळण्यास तीन-चार वर्षे जातात. झाड आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम उलटा झाला की यंत्र जंगलातील उभ्या झाडाकडे वळते.

तिसरा मुद्दा पावसाळ्याचा. कोकणात जून ते सप्टेंबर सरपण वाळत नाही. पहिल्या प्रकारच्या संचालाही या चार महिन्यांसाठी नऊ टन सुके लाकूड मेअखेर छपराखाली हवे. तुकड्यांच्या रूपात ते सुमारे छत्तीस घनमीटर जागा व्यापते. म्हणजे सहा मीटर लांब-रुंद शाळाखोलीत एक मीटर उंचीचा थर. दुसऱ्या प्रकारच्या संचाला अशा तीन खोल्या लागतील. गावकरी पावसाळ्यापूर्वी घरात सरपणाची बेगमी करतात. यंत्राचीही बेगमी करावी लागते. अंदाजपत्रकात सरपणाचे कोठार नसेल, तर ती योजना आठमाही समजावी.

इतरत्रचा अनुभव

हे विचार केवळ कागदावरचे नाहीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू झाले. त्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात होसहळ्ळी या लहान गावी १९८८ मध्ये पाच किलोवॅटहूनही लहान संच बसविला. पुढे तो वीस किलोवॅटचा झाला. गावाने स्वतंत्र इंधनझाडे लावली. दिव्यांबरोबर पिण्याच्या पाण्याचा पंप आणि पिठाची गिरणी या विजेवर चालली, आणि दहा वर्षांहून अधिक काळ ही व्यवस्था टिकली. नळाच्या पाण्याने बायकांची पाण्याची खेप वाचली. गावाच्या दृष्टीने दिव्याइतकाच हा लाभ मोठा होता.

बंगालमधील सुंदरबनात गोसाबा बेटावर १९९७ मध्ये पाचशे किलोवॅटचे केंद्र उभे राहिले व त्याचा कारभार सहकारी संस्थेकडे आला. बेटावर बाजारपेठ होती, दुकाने होती, आणि पूर्वी डिझेलच्या विजेला जास्त पैसे मोजणारे ग्राहक होते. बिहारमध्ये २००७ पासून हस्क पॉवर सिस्टिम्स या कंपनीने भाताच्या तुसावर चालणारे लहान संच गावोगाव उभारले. सौर पट्ट्या स्वस्त झाल्यावर याच कंपनीने सौर विजेची जोड घेतली. यापासूनही बोध घेण्यासारखा आहे.

महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाचे पाचट व अन्य हलका काडीकचरा यांपासून वायू निर्माण करण्यावर दीर्घकाळ काम केले आणि तालुका हा घटक धरून ऊर्जेचे नियोजन करावे, असा विचार मांडला. पुण्याच्या आरती या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत विकसित केली आणि २००२ मध्ये तिला अ‍ॅशडेन पुरस्कार लाभला. दोन्ही प्रयत्नांत जंगलाला हात न लावता शेतात जळून जाणारे इंधन उपयोगात आणण्यावर भर आहे.

अपयशाचा अनुभवही सांगितला पाहिजे. केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाने २००४ मध्ये ग्राम ऊर्जा सुरक्षा कार्यक्रम हाती घेतला. त्यात चुली, बायोगॅस, लागवड आणि गॅसिफायर यांचा एकत्र विचार होता. कल्पना उत्तम होती. तरीही अनेक ठिकाणी संच थोड्याच काळात थांबले. कोठे लाकूड वेळेवर आले नाही, कोठे शिकविलेला चालक गाव सोडून गेला, कोठे वसुली झाली नाही, कोठे सुटा भाग मिळण्यास महिने लागले. सायंकाळच्या दिव्यांपलीकडे विजेला काम नव्हते, हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण होते.

तूस, उष्णता आणि सूर्य

वडखळ परिसराला हे अनुभव कसे लागू पडतात? येथे महावितरणची तार पोचली आहे. ज्या वाडीत ती नियमित वीज देते, तेथे घरगुती दिव्यासाठी साडेतेरा रुपयांची लाकडाची वीज कोणी घेणार नाही आणि घेऊही नये. दूरच्या एखाद्या वाडीला केवळ दिवे व पंखे हवे असतील, तर सौर संच सोयीचा. त्याला रोज सरपण लागत नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात दरेवाडी या वस्तीने २०१२ पासून सौर विजेची स्वतंत्र व्यवस्था चालवून दाखविली आहे.

लाकूडफाट्याचे खरे बळ उष्णतेत आहे. दीड किलो लाकडातील उष्णतेपैकी साधारण सहावा हिस्साच युनिटभर विजेत उतरतो. बाकीचा इंजिन व धुराड्यातून निघून जातो. म्हणून जेथे उष्णतेचेच काम आहे तेथे वायू थेट जाळणे अधिक किफायतीचे होय. पेणचे पोहे आणि पापड प्रसिद्ध आहेत. पोह्यासाठी भात भिजवून भाजावे लागते, त्याला भट्टी लागते. खाडीकाठी मासळी सुकविली जाते आणि पावसाळी हवेत ती खराब होते. तिला गरम हवेची वाळवणी हवी आहे. भाताच्या गिरण्यांत शंभर किलो भातामागे सुमारे वीस किलो तूस निघते. हे तूस सुकेच असते, फोडावे लागत नाही आणि डोक्यावरून आणावे लागत नाही. तुसासाठी गॅसिफायरची बांधणी वेगळी लागते व राख पुष्कळ निघते, हे खरे. परंतु भातपिकाच्या या पट्ट्यात जंगलाआधी तुसाचा विचार होणे क्रमप्राप्त आहे. जेथे भट्टी आणि गिरणी एकत्र आहेत, तेथे उष्णता मुख्य आणि वीज जोड, अशी मांडणी करता येईल.

हक्क कोणाचा?

शेवटचा प्रश्न मालकीचा. याच जिल्ह्यात चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात सत्याग्रही हुतात्मे झाले. जंगलातील लाकूडफाटा व गवत यांवर गावाचा हक्क काय, हाच त्या लढ्याचा विषय होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्या प्रश्नाला कायदेशीर उत्तर दिले. गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, झुडपी लाकूड व खुंट यांचा समावेश झाला. ज्या वनाचे ग्रामसभा परंपरेने रक्षण करीत आली, त्याच्या व्यवस्थापनाचा सामूहिक हक्क तिला मिळाला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये असा हक्क मिळवून बांबूचा व्यवहार स्वतः सांभाळला. याच कायद्यात, ग्रामसभेची शिफारस असल्यास, अपारंपरिक ऊर्जेच्या सोयीसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देण्याची तरतूद आहे. मात्र हेक्टरी पंचाहत्तरांहून अधिक झाडे तोडावी लागू नयेत. ही उभे जंगल इंधनात घालण्याची परवानगी नव्हे.

यावरून ग्रामसभेपुढे येणाऱ्या कोणत्याही प्रस्तावाला विचारावयाचे प्रश्न निश्चित होतात. सरपण कोण आणणार, आणि त्याला किलोमागे काय मिळणार? दिवसा या विजेवर कोणते काम चालणार? पहिली तीन वर्षे लाकूड कोठून येणार? पावसाळ्याचे कोठार कोठे आहे? चालक आजारी पडला, तर दुसरा कोण? आणि भट्टीचे, गिरणीचे, दिव्याचे दर कोण ठरविणार? या प्रश्नांची उत्तरे अंदाजपत्रकात आकड्यांनी लिहिलेली असावीत. शाळांतील शिक्षकांना यात मोठे काम करता येईल. वाडीतील दहा घरांचे सरपण आठवडाभर तराजूवर मोजले, मोळीला लागलेला वेळ घड्याळावर टिपला, तर सातवी-आठवीच्या मुलांच्या वहीत गावाचे पहिले ऊर्जापत्रक तयार होईल. कोणत्याही तज्ज्ञाच्या अहवालाची सुरुवात त्या वहीपासून व्हावी.

मोळी आणणाऱ्या बाईचा अर्धा दिवस त्या वहीत दीडशे रुपये म्हणून नोंदविला गेला, तर चूल सुधारणे का निकडीचे आहे, झाडे वाडीजवळ का लावावयाची आणि यंत्र घ्यावयाचे की नाही, हे ग्रामसभेला कोणी समजावून सांगावे लागणार नाही. खोपोलीच्या तारा डोक्यावरून गेल्या, भट्टीचा कोळसा रस्त्याने गेला. पुढची योजना आखताना तिची पहिली जमा डोंगर उतरून येणाऱ्या त्या बाईच्या नावावर पडावी, एवढी काळजी ग्रामपंचायतींनी घेतली तरी पुष्कळ झाले.